सात नंबरचं तोंड

३ मार्च
सात नंबरची पवनचक्की बंद करणार! साहेब म्हणाले, पाती झिजलीत, शेजारच्या चक्क्यांपेक्षा वीज कमी देते, पंधरा दिवसांत मोडीत काढू. मामाचा चेहरा बघवेना. अठरा वर्षं ती त्यानंच सांभाळली. मलाही त्यानंच हाताला धरून या कामाला लावलं. "ती गेली की मी पण घरी बसतो," एवढंच बोलला आणि भरला डबा तसाच परत नेला.

५ मार्च
मामीला वाटतं, वारा पात्याला ढकलतो. मलाही आधी तसंच वाटायचं. चमच्याचा दांडा दोन बोटांत सैल धरून त्याची फुगीर पाठ नळाच्या धारेला लावून दाखवली. चमचा दूर जायला हवा ना? उलट धारेतच ओढला जातो! पातंही एका बाजूनं फुगीर. वारा त्याला त्या बाजूला ओढत राहतो, म्हणून ते फिरतं. मामीनं पाच वेळा करून पाहिलं. तोवर भाजी करपली — तीही माझ्याच नावावर.

६ मार्च
वारा नाही. दिवसभर माशा मारल्या.

८ मार्च
आकडे घेऊन बसले. वारा दुप्पट झाला की त्यातली ताकद दुप्पट नाही, आठपट होते! संध्याकाळी ऊन गेलं की सौर विजेवाले थंड पडतात, नेमके तेव्हाच घरोघरी दिवे लागतात. आमच्याकडे वारा त्याच वेळी जोर धरतो, मग सगळे आमच्या तोंडाकडे बघतात. अशात चालती चक्की मोडीत काढायची?
आणि सात नंबर गेल्या जूनपर्यंत ठणठणीत होती. मग एकदम घट. झीज काय एका दिवसात होते?

९ मार्च
जेवताना सहज वर पाहिलं. सहा आणि आठ एकाच दिशेला तोंड करून. सात किंचित वळलेली, रुसल्यासारखी.
चक्कीच्या डोक्यावर वाऱ्याची दिशा बघणारा एक काटा असतो. तो सांगेल तिकडे अख्खी चक्की तोंड फिरवते. काटाच वाकडा बसला असेल तर? रजिस्टर उघडलं. काटा जूनमध्ये बदललाय. बसवणारा — मामा.

११ मार्च
मामाबरोबर वर गेले. काट्याच्या बुडाशी एक रेघ, खालच्या पत्र्यावर एक. दोन्ही जुळायला हव्यात. मधे बोटभर अंतर! मामाला दाखवलं. तो वाकून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "जुळल्यात की."
असा राग आला! चूक कबूल करायला एवढं काय जड जातं? मीच काटा सरळ केला.

१४ मार्च
सात नंबर तीन दिवस सहा-आठच्या बरोबरीनं! साहेबांनी मोडीचा कागद फाडला. मामा सगळ्यांना चहा पाजत माझं कौतुक सांगत होता. मलाच माझ्या रागाची लाज वाटली.

१५ मार्च
मामा सकाळी शेजारी येऊन बसला. "हट्ट नव्हता गं तो. मला तिथं एकच रेघ दिसत होती. वर्ष झालं, बारीक काही दिसत नाही. साहेबांना सांगू नकोस, मला वर चढू देणार नाहीत."
चढण्याआधी आम्हा दोघांच्या दोरांच्या कड्या तोच तपासतो.
दुपारी साहेबांना सांगून आले.