लोहारशाळेच्या दारावरची नोटीस

४ मार्च, सकाळी ७
रोजनिशी लिहावी इतके माझे आयुष्य मोठे नाही, याची जाणीव आहे. तरीही हे धाडस करते आहे, त्याबद्दल माझी मीच क्षमा मागते. प्रसंगच तसा आहे. आमच्या गावाची जुनी पेठ संरक्षित क्षेत्र झाली. लोहारशाळेची दोनशे वर्षांची कमान पाडू नये, अशी नोटीस तिच्याखालच्या दारावर डकवण्याचे काम कचेरीतल्या साहेबांनी माझ्यावर सोपवले. कागद दारावर लागल्याखेरीज मनाई लागू होत नाही. कमान १५ तारखेला पाडणार आहेत. काम दोन मिनिटांचे.

४ मार्च, दुपारी
गेले. लोहारकाका घण घेऊन दारातच उभे. किती वाजले ते विचारून परतले. कोणत्याही कार्यापूर्वी स्थळपाहणी आवश्यक असते.

७ मार्च
नोटीस चिकटवायची डब्यातली खळ वाळली होती. म्हणजे वाळली नव्हती, परंतु वाटेत वाळू शकली असती.

८ मार्च
आई म्हणाली, तो लोहार काय तुला गिळणार आहे, जा की मुकाट्याने. तिला भीती आणि औचित्य यांतला भेद कळत नाही. रात्री झोप लागत नाही ते चहामुळे. चहा बंद.

१० मार्च
नोटिशीची भाषा फार रुक्ष वाटली. प्रस्तावना जोडली. चार पाने झाली. आता समोरचा माणूस वाचूनच नमेल.

१२ मार्च
पुन्हा गेले. काकांनी हटकले, काय गं, पुन्हा इकडे कुणाकडे आलीस? मी म्हणाले, वाट चुकले. गावात गल्ल्या पाच. त्यांनी मला माझ्याच घरचा रस्ता समजावून सांगितला. मी मान डोलावत ऐकला.

१४ मार्च, सायंकाळी
साहेबांचा फोन. नोटीस लागली ना? मी म्हणाले, मार्गी लागली आहे. हे असत्य नव्हे. जेवण गेले नाही. उद्या पहाटे पाचला, काका उठण्यापूर्वी. दृढनिश्चय.

१५ मार्च, सकाळी ९
पाचला पोहोचले. खिडकीत दिवा दिसला, म्हणून समोरच्या भिंतीआड थांबले. सहाला गवंडी आले. आता पुढे होईन, आता होईन, असे करता करता सात वाजले. पहार लागली. कमान दारासकट खाली बसली, तेव्हा चारही पाने माझ्या छातीशी होती.

धुरळ्यातून काका आले. हातातले कागद घेतले, उभ्यानेच वाचले, मग दगडावर बसले. म्हणाले, पोरी, हे आधी का नाही दिलंस? खापरपणजोबांची कमान ही, मला कुठं पाडायची होती? धाकटा भाऊ ऐकेना. त्याच्या तोंडावर फेकायला एवढा एक कागद हवा होता मला.

ते ओरडले असते तर बरे झाले असते.

१५ मार्च
साहेबांस अहवाल: 'नोटीस डकवण्याजोगे दार जागेवर आढळले नाही.'
पाठवला, १५ मार्च, सकाळी ११ वाजून १७ मिनिटांनी.