पंखा काढायचा राहिला

उधना, सुरत
२ फेब्रुवारी २०२५

प्रिय चिंधा,

नमस्कार. तू, वहिनी, सगळे बरे असाल. फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. आमच्याकडे ठीक. ज्योतीची गुडघेदुखी आहेच.

डिसेंबरात जुन्या बाजारातून रिमोटवर उडणारं विमान आणलं. मोडलेलं. डावा पंख मधोमध तुटलेला, नाक चेपलेलं. ज्योती म्हणाली, "धडकं नव्हतं का तिथं?" धडकं होतं, पण मला हेच घ्यावंसं वाटलं.

विमान फोमचं आहे; फोम कढत पाण्यात धरला की चेपलेला भाग फुगून वर येतो. नाक तसंच सरळ केलं. पंखात बांबूची चिप घालून चिकटवली. शेपटी हलवणारी बारकी मोटर अडकली होती, तिच्या चाकांचे दात साफ केले. फुगलेली बॅटरी बदलली. दीड महिना रोज कामावरून आल्यावर तासभर हेच.

अशा विमानाचा एक नियम आहे. बॅटरी जोडण्याआधी पुढचा पंखा काढून ठेवायचा. गेल्या महिन्यात एक दिवस मी तो न काढताच बॅटरी जोडली. पुढची मोटर हातात धरून वायर बघत होतो. ज्योतीने रिमोट उचलला, "ही दांडी कशाची?" म्हणत वर सरकवली. पंखा फिरला, अंगठ्यात घुसला. तीन टाके पडले.

रिक्षात ती सारखी म्हणत होती, "मन्हीच चूक शे. तुम्हले इचारं नाही." डॉक्टरांनी विचारलं तर त्यांनाही तेच. कुणी विचारलं नव्हतं तरी कंपाउंडरलासुद्धा.

मी तिच्याकडे बघत नव्हतो. तिला वाटलं, रागावलो.

चिंधा, चार वर्षांपूर्वी कारखान्यात मागावर तुझा हात सापडला, त्या दिवशी तू "चालू कर" असा आवाज दिला नव्हतास. गिअरमधला सुताचा गुंता काढत तू वाकलेला होतास. मी बघितलं नाही, विचारलं नाही, मागाचं बटण दाबलं. तुझी दोन बोटं गेली. शेट आले तेव्हा मी म्हणालो, "चिंधानेच आवाज दिला." त्या खडखडाटात कुणाला काय ऐकू येणार? तुला काढलं आणि दोन महिन्यांनी मला सगळ्या मागांवर देखरेख करणारा मास्तर केलं.

हे लिहायला चार वर्षं लागली. ज्योतीला एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

सोमवारी शेटला खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, "हवे एनुं शुं? चार वरस थई गया." आता त्याचं काय, म्हणे. मी म्हटलं, चार वर्षं झाली तरी मला लिहून द्यायचंय. लिहून सही करून दिलं. त्याची झेरॉक्स सोबत आहे. मास्तरकी गेली, पुन्हा मागावर उभा राहतो. तक्रार नाही.

संक्रांतीचे पतंग, मांजा संपेपर्यंत थांबलो होतो. आज सकाळी डिंडोलीपलीकडच्या मोकळ्या शेतात विमान उडवलं. डावीकडे ओढतं, पण दोन चकरा मारून नीट उतरलं. ज्योतीने टाळ्या वाजवल्या. मला काही विशेष वाटलं नाही.

माफी मागत नाही, तो हक्क राहिलेला नाही. तू उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. एकच कर. हे पत्र वहिनींना वाचून दाखव. दवाखान्यात त्या तुला म्हणाल्या होत्या, "लक्ष कुठं होतं तुमचं?" मी शेजारीच उभा होतो.

तेव्हा जो बोलला नाही, तो
गजेंद्र