डेल्विन प्रेवो सोडल्याचे चाळीस दिवस

१८ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी ९.

कपाळाला राख लावून आत्ताच चर्चमधून आलो. आता ईस्टरपर्यंत चाळीस दिवस काहीतरी सोडायचं. माझी बायको जेनेल दरवर्षी चॉकलेट सोडते. आमचा ढोलवाला नोलन बिअर सोडतो आणि व्हिस्की धरतो. मी या वर्षी डेल्विन प्रेवो सोडला.

म्हणजे त्याच्याविषयी वाईट बोलणं सोडलं. फादरना सांगितलं तर म्हणाले, क्लोव्हिस, झेपेल असं काहीतरी बघ. जेनेल म्हणाली, त्यापेक्षा कॉफी सोड, सोपं जाईल. घरात माणसाच्या संकल्पाला ही किंमत.

न झेपायला काय आहे त्यात? चाळीस वर्षं या शहरात ट्रम्पेट वाजवतोय. खरा जॅझ. डेल्विन शाळेच्या बँडमध्ये माझ्या डाव्या हाताला बसायचा. लाबा सरांनी आम्हा दोघांना एकाच दिवशी ट्रम्पेट दिला. मला पहिला, त्याला दुसरा. आज तो पाठीमागे पन्नास व्हायोलिनवाले बसवून वाजवतो, गादीच्या जाहिरातीत हसतो, आणि दातांच्या दवाखान्यात गेलं की तोच लावलेला असतो. असू दे. माझ्या मनात काही नाही.

त्याच दिवशी, दुपारी २.

गादीसुद्धा मऊच विकतो. (लिहिणं हे बोलण्यात धरत नाही. फादरना विचारलेलं नाही, पण उघडच आहे.)

२० फेब्रुवारी, शुक्रवार

मोडलं. पण माझी चूक नाही. हर्क्युलच्या सलूनमध्ये दाढीला गेलो, तर रेडिओवर हाच. मी गप्प. अगदी गप्प. तेवढ्यात बाजूच्या खुर्चीतला बस ड्रायव्हर म्हणाला, दिवसभर डोकं उठतं, घरी जाऊन याला लावलं की बरं वाटतं. यावर गप्प बसणं म्हणजे पाप.

मी म्हणालो, बरं वाटायला जॅझ असतो का? झाली सुरुवात. कोपऱ्यातला पियानो मास्तर माझ्या बाजूने उठला, म्हणाला, त्याने चाल जशीच्या तशी वाजवली, स्वतःचं काय घातलं त्यात? ड्रायव्हर म्हणाला, माझ्या आईने शेवटचे दोन महिने हाच ऐकला, तिला चाल जशीच्या तशीच हवी होती. मास्तर परत खाली बसला. कच्चा माणूस. मग एक बाई, मुलाचे केस कापायला आलेली, म्हणाली, तुम्हा वाजवणाऱ्यांचं एक कळत नाही मला. लोकांना एखादा आवडायला लागला की तुमच्या पोटात का दुखतं?

मी म्हणालो, बाई, तो सोपं वाजवतो म्हणून अवघड ऐकायला कोणी येत नाही. हर्क्युलने वस्तरा माझ्या गळ्यावर ठेवला आणि शांतपणे विचारलं, म्हणजे तुझ्याकडे कोणी येत नाही हा त्याचा गुन्हा? गळ्यावर वस्तरा असताना वाद घालता येत नाही. नाहीतर उत्तर होतं माझ्याकडे.

२२ फेब्रुवारी, रविवार

रविवार चाळीस दिवसांत मोजत नाहीत. फादरना विचारून खात्री करून घेतली. सकाळी सातपासून बोलायला सुरुवात केली. जेनेल साडेआठला बहिणीकडे निघून गेली. जाताना म्हणाली, नाश्त्यापासून अकरा वेळा नाव घेतलंस त्याचं, माझं एकदा घे. हिला संगीतातलं काही कळत नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

लाबा सरांकडे. अकरा वर्षं झाली, मंगळवारी चार वाजता मी सरांकडे. पाऊस असो, पूर असो. डेल्विन फिरकतो का? नाही.

सर आता एक्याण्णव. पलंगावरच असतात, पण मी येणार म्हणून दाढी करून, कडक शर्ट घालून बसलेले. मुलगी मिस युलाली सगळं करते. या शहरातला निम्मा जॅझ सरांनी शिकवला. कोणाला चांगलं म्हणाले नाहीत कधी. मला एवढंच हवंय: त्यांनी मरायच्या आधी एकदा म्हणावं, क्लोव्हिस, तुझं बरोबर होतं. मला घर नको, पैसा नको, गादी तर नकोच. हे एक वाक्य हवंय. त्याच्यासाठी चाळीस वर्षं रिकाम्या खुर्च्यांसमोर वाजवलंय.

सरांनी विचारलं, तो सध्या कुठे आहे? खोटं कशाला बोलू? सांगितलं, शिकागोत होता, दोन रात्री, दोन्ही हाउसफुल. नव्या रेकॉर्डमध्ये व्हायोलिनवाले कमी केलेत, तिसऱ्या गाण्यात श्वास जरा लवकर तोडलाय, बहुतेक डाव्या बाजूचा दात काढल्यापासून. सरांनी डोळे मिटले. किती त्रास झाला असेल त्यांना. दीड तास बोललो. मग म्हणालो, सर, माझं गुरुवारचं बारमधलं वाजवणं चालू आहे हं. तोवर सरांना झोप लागली होती.

यात व्रत मोडलं नाही. वडीलधाऱ्यांनी विचारलेली माहिती देणं वेगळं.

३ मार्च, मंगळवार

सर फार थकलेत. म्हणून आज धीर करून सरळच विचारलं. सर, आम्हा दोघांत बरोबर कोणी वाजवलं? 

सरांनी माझ्याकडे बघितलं. हात हलवला. म्हणाले, पुढच्या मंगळवारी.

पुढच्या मंगळवारी! म्हणजे ठरलंय त्यांचं. शब्द जुळवतायत. घरी चालत आलो, बसचं ध्यानातच राहिलं नाही. जेनेलला सांगितलं. ती म्हणाली, ते ‘तुझं बरोबर’ म्हणाले की थांबशील का? म्हणालो, त्याच क्षणी. त्याचं नावसुद्धा घेणार नाही. तिने माझ्याकडे जरा बघितलं आणि राजमा भिजत घातला, दर सोमवारी आमच्याकडे असतो तो, मंगळवारीच. डोकं ठिकाणावर नव्हतं तिचं.

५ मार्च, गुरुवार

बारमध्ये नऊ माणसं. त्यातली तीन टॉयलेट मोकळं होण्याची वाट बघत होती. एका टेबलावरून चिठ्ठी आली, प्रेवोचं ते गादीवालं गाणं येतं का? मी ट्रम्पेट खाली ठेवून त्यांना नीट समजावलं. फार नाही, वीसेक मिनिटं. समजावून झालं तेव्हा पाच माणसं होती, पण जाणती झालेली.

नोलन सामान आवरताना म्हणाला, क्लो, चिठ्ठी वाचून नुसतं ‘येत नाही’ म्हणायचं होतंस. म्हणालो, पण येतं ना मला. सगळी येतात. नोलन हसला. का हसला ते कळलं नाही.

७ मार्च, शनिवार

नवी रेकॉर्ड पुन्हा ऐकली. शत्रू समजून घ्यावा लागतो. चौथ्यांदा ऐकताना जेनेल म्हणाली, हे माझ्यासाठी लावलंयस का? किती गोड. नाही म्हणता आलं नाही.

९ मार्च, सोमवार

सर गेले. पहाटे.

मिस युलालीचा फोन आला तेव्हा जेनेल राजमा ढवळत होती. मी जिन्यावर जाऊन बसलो. राजमा खाली लागला, तरी दोघांपैकी कोणी गॅस बंद केला नाही.

एक दिवस. फक्त एक दिवस थांबले असते तर. लाज वाटते लिहायला. माझा गुरू गेला आणि मी वार मोजतोय. पण दुसरं काही सुचतच नाहीये. आता कोण सांगणार मला? दुसरं कोणी सांगून चालायचं नाही. काय करू?

११ मार्च, बुधवार

मिस युलालीचा फोन. शनिवारी अंत्ययात्रेची मिरवणूक, सरांच्या इच्छेप्रमाणे पुढे दोन ट्रम्पेट. मी आणि डेल्विन. तो जपानचा दौरा रद्द करून येतोय.

आधी वाटलं, जाऊच नये. मग लख्ख उजाडलं. हाच तो निकाल! सरांनी मुद्दाम ठेवलाय. बंद खोलीत एकट्या मला सांगण्याऐवजी सगळ्या शहरासमोर लावायचा, म्हणून. शेवटपर्यंत मास्तर.

योजना: आमच्या शहराची रीत अशी, जाताना संथ प्रार्थनागीतं. त्यात डेल्विन रडवणार, रडवू दे, तेवढंच येतं त्याला. पण शववाहिका कोपऱ्यावरून वळून दिसेनाशी झाली की मृताला मोकळं केलं म्हणतात, मग छत्र्या उघडायच्या, नाचायचं, जलद चाल. ती रस्त्यावरच शिकावी लागते, व्हायोलिनवाल्यांत नाही. तीस वर्षांत त्याने रस्त्यावर वाजवलेलं नाही. त्या चालीचा पहिला सूर माझा असेल. माझ्याआधी कोणाचा निघता कामा नये. बस, एवढंच.

१३ मार्च, शुक्रवार

दिवसभर पहिला सूर. फक्त पहिला सूर. ओठ सुजला. शेजारच्या बाईने विचारलं, पुढचं येत नाही का?

१४ मार्च, शनिवार. संध्याकाळी.

लिहायलाच हवं.

गर्दी प्रचंड. दोन हजार तरी. मला वाटलं, सरांसाठी. मग फोन वर झाले आणि डेल्विन गाडीतून उतरला. साधा काळा सूट. जाड झालाय. मला मिठी मारली, म्हणाला, क्लो, तू होतास म्हणून मी निश्चिंत होतो. कशाबद्दल निश्चिंत? विचारायला वेळ नव्हता.

चर्चकडे निघालो. नोलनने ढोल कापडाने बांधलेला, छोट्या ड्रमच्या तारांत रुमाल खोचलेला, म्हणजे आवाज दबका. संथ चाल, एक पाऊल, थांबा, एक पाऊल. चर्चच्या दारापाशी शवपेटी बाहेर आली आणि डेल्विनने एक सूर धरला. सोपा. लहान मूल वाजवेल असा. धरला तो धरला. बस ड्रायव्हर रडला, पियानो मास्तर रडला, वस्तरावाला हर्क्युलसुद्धा रडला. मी मोजत होतो. चाळीसपर्यंत आलो आणि बघतो तर त्याने श्वास घेतला, ट्रम्पेट जरा उचलला. मला वाटलं, हा जलद चाल घेतोय. हा माझ्याआधी घेतोय.

मी घेतली.

पहिला सूर काय निघाला म्हणून सांगू. आयुष्यात असा निघाला नव्हता. छोट्या ड्रमवाल्याने सवयीने रुमाल उपसला. छत्र्या फटाफट उघडल्या. मागचे दोनशे लोक नाचायला लागले. आणि शवपेटी अजून पायऱ्यांवर होती. सहा जणांच्या खांद्यावर. मोकळं वगैरे काही केलेलं नव्हतं. पुढच्या दोघांचे पाय आपोआप ठेक्यात पडायला लागले, मागचे चौघे उभे, आणि सर हलले. माझे सर पेटीत हलले. मिस युलाली दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. नुसती बघत होती.

मला थांबता येईना. थांबलो तर सगळ्यांना कळेल. तेवढ्यात डेल्विन माझ्या शेजारी आला, डाव्या हाताला, माझीच चाल त्याने खालून धरली आणि हळूहळू मागे ओढली. निम्म्या वेगावर, मग त्याच्याही निम्म्यावर. त्या चालीचं प्रार्थनागीत केलं त्याने. ढोल मागे आला, छत्र्या मिटल्या. मधे हळूच मला म्हणाला, श्वास घे, क्लो. 

लोकांना वाटलं, असंच बसवलं होतं. पाच-सहा जण येऊन म्हणाले, काय कल्पना होती. त्याला म्हणाले.

१५ मार्च, रविवार

आज बोलायला परवानगी आहे. बोललो नाही.

जेनेल दोनदा येऊन बघून गेली.

१७ मार्च, मंगळवार

चार वाजता मिस युलालीकडे गेलो. माफी मागायला. ती म्हणाली, बस, कॉफी घे. बाबांनी बँड चुकलेला आयुष्यभर ऐकला, शेवटचाही ऐकला असेल. हसली. मला रडू आलं. तिच्यासमोर, हातात कप घेऊन.

मग विचारलंच. मिस युलाली, सर मला त्या मंगळवारी काय सांगणार होते?

ती म्हणाली, काही नाही रे. सगळ्यांना तेच म्हणायचे, डॉक्टरलासुद्धा. पुढच्या मंगळवारी. मंगळवार त्यांचा आवडता. सकाळी उठून दाढी करून घ्यायचे माझ्याकडून. म्हणायचे, आज क्लोव्हिस येणार, पोराची खबर आणणार. डेल्विनचा फोन नाताळला एकदा यायचा, तेवढाच. बाकी सगळं तुझ्याकडूनच कळायचं. तो कुठे वाजवतोय, कसा वाजवतोय, दात काढला तेसुद्धा. बाबा डोळे मिटून ऐकायचे. म्हणायचे, त्या पोराला क्लोव्हिसइतकं मन लावून जगात कोणी ऐकत नाही. डेल्विनलाही तेच कळवलं होतं त्यांनी, आणि तू दर मंगळवारी येतोस हेही.

मी म्हणालो, आणि माझं? माझ्या वाजवण्याविषयी काही म्हणाले होते?

मिस युलाली खरं बोलणारी बाई आहे. तिने कॉफीत चमचा फिरवत नीट आठवून बघितलं. म्हणाली, तुझी स्मरणशक्ती फार चांगली आहे म्हणायचे.

मी कॉफी संपवली. पलंगावरची चादर तिने अजून काढलेली नाही. मग ती म्हणाली, मंगळवारी चार वाजता या घरात इतकं शांत कधी नसतं, क्लोव्हिस, घर खायला उठतं. आणि खुर्ची जरा पुढे ओढून म्हणाली, मग, त्याचं जपानचं आता कधी ठरलंय?

मला माहीत होतं. जूनच्या नऊला, तीन शहरं, पहिलं ओसाका. व्हायोलिनवाले या वेळी बाराच नेतोय. सहा वाजेपर्यंत सांगत बसलो.