नेब्रास्कातला एकच दिवा

तोर्केल,

रेल्वे आपल्या गावापासून लांबून गेली, म्हणून गावच उठून तिच्याकडे गेलं. घरं ओंडक्यांवर चढवली आणि बैल जुंपून ओढत नेली. शेजारची सिग्ने म्हणाली, "चल की. इथे काय लांडग्यांना कॉफी पाजत बसणारेस?" पण आपलं घर मातीच्या ढेकळांचं, हलवलं तर कोसळेल. आणि तू त्या रेल्वेसाठीच लाकूड तोडायला गेलायस, परतशील तो गावचे दिवे बघत. आता माझा एकटीचाच उरलाय. दाराशी काहीतरी खरवडतं, तरी मी तो मालवत नाही. बर्फ सुरू झालाय. लवकर ये.

तुझी घाबरट,
ब्रिता

ता. क. पोस्टही गेलंय, हे तिथवर चालत गेल्यावर लक्षात आलं. परत आले तर दिवा विझलेला. कधीपासून, कोण जाणे.