खेटून ठेवलेले ट्रे

ताई,

चहा झाकून ठेवलाय. मी काल तक्रार घेऊन आलेल्या त्या शेतकऱ्याच्या मळ्यावर जातेय, संध्याकाळपर्यंत येणार नाही.

टोमॅटोची रोपं दाटीत वाढली की शेजारच्याच्या सावलीतून सुटायला नुसती उंच धावतात आणि खोड सुतासारखं राहतं, हे मला तूच शिकवलंस. तरी मी लांब लांब मांडलेले ट्रे तू एकमेकांना खेटून लावलेस, रोपं लवकर मोठी दिसावीत म्हणून. तेही मी गिळलं असतं. पण त्या शेतकऱ्यानं आपल्याकडून नेलेली रोपं वाऱ्यानं आडवी झाली, तेव्हा काल त्याला म्हणालीस, “धाकटीनं वाढवलीत, तिला अजून कळत नाही.” मी रोपवाटिकेच्या जाळीच्या मागेच होते, ताई.

ती रोपं वरच्या पानांपर्यंत मातीत पुरली तर खोडालाही मुळं फुटतील. तेच करायला निघालेय.

नवीन पेरलेले ट्रे सुटे सुटे ठेवलेत. मांडणीवर मावले नाहीत, म्हणून तुझ्या पलंगावर मांडलेत. खिडकीचं ऊन तिथंच चांगलं येतं. चादर ओली होईल, होऊ दे. तू आज खाली झोप.

ही रोपं कुणी वाढवली असं कुणी विचारलं, तर खुशाल माझं नाव सांग.