सुजीतचा उजवा हात

शारजा,
मंगळवार, १६ एप्रिल २००२

आदरणीय हेमचंद्र सर,

नमस्कार. तुमची आणि प्रभावती काकूंची तब्येत बरी असेल अशी आशा करतो. तुमचा धुळ्याचा पत्ता आपल्या जुन्या टीममधल्या रामचंद्रने दिला. त्याने फोनवर विचारलं, “पत्र लिहिणार आहेस, की नुसताच पत्ता हवाय?” मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. त्याला महिना होऊन गेला.

आमचं बरं चाललंय. अनुपमा इथल्या इंडियन स्कूलमध्ये गणित शिकवते. ईश्वरी आठवीत आहे. आम्ही मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते. उन्हाळा सुरू झालाय, दुपारी गाडीच्या स्टिअरिंगला हात लावता येत नाही.

मी ९६ साली इकडे आलो, हमरिया फ्री झोनमधल्या एका पाइपच्या कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून. दोन वर्षांनी कंपनीने बेसबॉलची टीम काढली. आमचे बरेच ग्राहक जपानी, त्यांच्या कंपन्यांच्या टीम होत्या, म्हणून जनरल मॅनेजरला आपलीही हवी होती. कुणीतरी त्याला सांगितलं की स्टोअरमधला गुणवंत महाराष्ट्राकडून पिचर होता. मी लगेच टीम मॅनेजर झालो, आणि २००० साली कार्डावर ‘स्पोर्ट्स डायरेक्टर’ छापून आलं. खेळाडू शोधायचे, त्यांना कारखान्यात काम लावून द्यायचं, व्हिसा, बूट, बस, उम्म अल कुवैनच्या रस्त्यावर भाड्याने घेतलेलं मैदान, सगळं माझ्याकडे. खरं सांगतो सर, मला ते फार आवडायचं. मी बॉल टाकत नव्हतो, पण बॉल कोण टाकणार हे माझ्या हातात होतं.

सुजीतला मीच आणलं. सांगलीचा मुलगा, तेवीस वर्षांचा. पुण्यात सुट्टीवर असताना मी त्याला एका स्पर्धेत पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी गेलो. त्याची आई, गिरिजाबाई, शिवणकाम करतात. त्यांनी मला एकच विचारलं, “तिथं त्याचं कोण आहे?” मी म्हणालो, “मी आहे.”

दोन सीझन तो आमच्यासाठी खेळला. आठवडाभर पाइपच्या प्रेसवर आठ तास उभा राहायचा आणि सुट्टीच्या दिवशी पिचिंग करायचा. या वर्षी आम्ही पहिल्यांदा फायनलला पोहोचलो. सेमीफायनल बुधवारी झाली, फायनल लगेच शुक्रवारी, ८ मार्चला. सेमीफायनलमध्ये सगळ्या इनिंग त्यानेच टाकल्या होत्या.

गुरुवारी मी त्याला आमच्याकडे जेवायला बोलावलं. तो डाव्या हाताने जेवला. अनुपमा म्हणाली, “अरे, हे काय नवीन?” तो म्हणाला, “सहज, वहिनी.” मी त्याच्या ताटात वरण वाढलं आणि कुठल्या टीमचे कोण आजारी आहेत याबद्दल बोलत राहिलो. तो गेल्यावर ईश्वरीने विचारलं, “बाबा, व्हाय वॉज ही यूजिंग हिज लेफ्ट हँड?” मी तिला अभ्यासाला बसवलं.

शुक्रवारी सकाळी जनरल मॅनेजरचा फोन आला. “गुणवंत, सुजीत तो खेलेगा ना?” मी म्हणालो, “इन्शाल्ला, सर.”

सहाव्या इनिंगमध्ये त्याने बॉल टाकला आणि तिथेच खाली बसला. ओरडला नाही. कोपर दुसऱ्या हातात धरून नुसता बसून राहिला. तोवर आम्ही पाच रनांनी पुढे होतो. आम्ही जिंकलो. फोटोत सगळे हसताहेत.

डॉक्टरांनी सांगितलं, कोपराचं लिगामेंट पूर्ण तुटलंय, ऑपरेशन करावं लागेल, आणि पुन्हा पिचिंग होणार नाही. प्रेसचा दांडाही त्याला ओढता येणार नव्हता. जनरल मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाला, “खलास. मुलाने दुखणं लपवलं, ही त्याची चूक. तू तसं लिहून दे, आपण त्याला व्यवस्थित घरी पाठवू.”

तिथून मी हॉस्पिटलमध्ये गेलो. सुजीत खिडकीपाशी बसला होता. बराच वेळ मी फळांबद्दल आणि नर्सबद्दल बोललो. शेवटी त्यानेच विचारलं, “सर, तुम्हाला गुरुवारीच कळलं होतं ना?”

“हो.”

“मग विचारलं का नाही?”

“विचारलं असतं आणि तू हो म्हणाला असतास, तर मला तुला थांबवावं लागलं असतं.”

तो म्हणाला, “म्हणजे तुमच्या सरांनी तुमचं केलं, तसंच.”

सर, हे त्याला माझ्याकडूनच कळलं होतं. प्रत्येक नव्या खेळाडूला मी पहिल्या दिवशी सांगायचो, की माझ्या कोचने माझा खांदा संपवला, पण या टीममध्ये तसं होणार नाही. इतकी वर्षं मी हे इतक्या वेळा सांगितलं, की सांगताना माझा आवाज भरून यायचा.

मी त्याला म्हणालो, “नाही. त्यांनी विचारलं होतं.”

हे वाक्य मी तेरा वर्षांत पहिल्यांदा उच्चारलं.

८९ सालच्या फायनलच्या सकाळी आपली टीम उतरली होती त्या धर्मशाळेच्या ओट्यावर बसवून तुम्ही मला विचारलंत, खांदा दुखतोय का. वॉर्मअपनंतर पुन्हा विचारलंत. चौथ्या इनिंगनंतर माझ्या हातातून बॉल काढून घेतलात आणि म्हणालात, “गुणवंत, खरं सांग, मॅच गेली तरी चालेल.” मी तिन्ही वेळा नाही म्हणालो. रेल्वेचे लोक बघायला आले होते, मला ती नोकरी हवी होती.

हात गेला, नोकरी गेली. बाबांना मी सांगितलं की सरांनी जबरदस्ती केली. मला वाटलं, ते चार दिवस चिडतील आणि विसरतील. त्यांनी क्रीडा मंडळाकडे तक्रार केली. कमिटीसमोर मला एकच प्रश्न होता: सरांनी तुला दुखण्याबद्दल विचारलं होतं का? बाबा शेजारी बसले होते. मी नाही म्हणालो. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि काहीच बोलला नाहीत. त्याच आठवड्यात तुमचं कोचिंग काढून घेतलं, हे मला माहीत होतं. नंतर तुम्ही जळगाव सोडलंत, तेही माहीत होतं.

तुम्ही तेव्हा मला खोटं का पाडलं नाहीत, हे मला आजही कळत नाही. पण ते विचारण्यासाठी हे पत्र नाही.

हॉस्पिटलमधून मी परत ऑफिसला गेलो आणि लिहून दिलं: खेळाडूला दुखापत आहे हे मला, टीमच्या डायरेक्टरला, एक दिवस आधी माहीत होतं, तरी मी त्याला कंपनीच्या कामाचा भाग म्हणून खेळवलं. खाली सही केली. जनरल मॅनेजर म्हणाला, “हबीबी, ये तुमने क्या किया?” पण कागदाची प्रत मी आधीच इन्शुरन्सकडे दिली होती, त्यामुळे जबाबदारी कंपनीवर आली. सुजीतचं ऑपरेशन इथेच झालं. तो आता डिस्पॅचच्या टेबलावर बसतो, डाव्या हाताने लिहायला शिकतोय. माझं डायरेक्टरपद गेलं. मी पुन्हा स्टोअरमध्ये आहे.

गिरिजाबाईंना मी स्वतः फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सुजीतला फोन द्यायला सांगितलं. माझ्याशी त्या पुन्हा बोलल्या नाहीत. सुजीत बोलतो, कामापुरतं.

अनुपमाला तुमच्याबद्दलचं खरं परवाच सांगितलं. ती म्हणाली, “मला सांगून काय उपयोग? ज्यांना सांगायचं त्यांना सांग.”

म्हणून मंडळाच्या अध्यक्षांना मी काल रजिस्टर्ड पत्र पाठवलंय. ८९ साली मी कमिटीला खोटं सांगितलं, हे त्यात स्पष्ट लिहिलंय. प्रत सोबत जोडली आहे. हे तुम्हाला न विचारता केलं, कारण विचारलं असतं तर तुम्ही कदाचित नको म्हणाला असता, आणि मग माझी सुटका झाली असती.

जूनमध्ये मी रजेवर येतोय. कमिटीपुढे उभं राहून तेच तोंडी सांगेन. बाबा आता नाहीत. त्यांना खरं कळायचं राहून गेलं, त्याला आता इलाज नाही.

माफी मागायला धुळ्याला येऊ का, हे विचारायचं धाडस होत नाही. तुम्ही बोलावलंत तर येईन. नाही बोलावलंत तर दारात येऊन तुम्हाला अडचणीत टाकणार नाही.

प्रभावती काकूंना नमस्कार सांगा. पत्र त्यांनाही वाचून दाखवा, एकही ओळ न गाळता.

तुमचा अपराधी,
गुणवंत