पहिली गोळी मयताची

२ नोव्हेंबर

आलो बुवा एकदाचे यासेनोवाला! डोंगर चढताना बस दोनदा बंद पडली, दुन्याला ओकाऱ्या झाल्या, आणि आमचा गारोव सगळा रस्ताभर ड्रायव्हरवर भुंकत होता. पण घर बघितलं आणि शीण कुठल्या कुठे गेला. दोन ऐसपैस खोल्या, अंगणात आलुबुखाराचं झाड, आणि चुलीसाठी लाकडं आधीच रचून ठेवलेली. कोसाराने आल्या आल्या खिडक्या पुसायला घेतल्या. म्हटलं, बाई गं, आधी कॉफी तरी टाक.

दुपारी डायरेक्टरला भेटलो. काडतुसांच्या चाचणीतलं मला काय येतं, हे त्याने विचारलंच नाही. घरात माणसं किती, एवढंच विचारलं. म्हटलं, मी, बायको, सात वर्षांची मुलगी आणि माणसांत धरलंत तर कुत्रा. खूश झाला. भरल्या घराचा माणूस टिकतो म्हणे. शिकवायला मात्र कुणी नाही, बोगद्यात तुला एकट्यानेच काम करावं लागेल, असं बजावलं. मला काय शिकवायचंय? जुन्या कारखान्यात जन्म गेला यात. तिथल्या पेताकोविच साहेबाने माझ्या कामावर स्वतःचं नाव लावून शाबासकी लाटली आणि वर मलाच हाकललं, नाहीतर या रानात कोण येतंय! त्याचं नाव काढलं तरी अजून माझं टाळकं सरकतं.

५ नोव्हेंबर

डायरेक्टर थापाड्या निघाला. बोगद्यात शिकवायला माणूस आहे की! झिवोता त्याचं नाव. साठीचा, हाडकुळा, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून असतो. मी झिवोताकाका म्हणायला लागलो तर म्हणाला, म्हण बाबा काहीही, हाक मारणारं कुणीतरी आलं हेच पुष्कळ.

बोगदा डोंगराच्या पोटात गेलेला, सरळसोट. अलीकडच्या टोकाला लोखंडी पकडीत रायफलची नळी आवळून बसवलेली, म्हणजे हात हलला, श्वास चुकला ही भानगड नाही. पुढ्यात एक प्रकाशाचा दरवाजा, टोकाला लक्ष्याच्या कागदाजवळ दुसरा. गोळी दोन्हींतून जाते आणि दोन्हीकडचा वेग यंत्रावर उमटतो. वाटेत किती मंदावली ते कळतं. मग कागदावरची भोकं बघायची. बशीएवढ्या जागेत बसली तर खेप पास.

थंड नळीची पहिली गोळी कुठेच हिशेबात धरत नाहीत. इथे मात्र तिचा मान आहे, असं झिवोताकाका म्हणाला. राकिया दारूचा पहिला थेंब आपण मयतांसाठी जमिनीवर सांडतो ना, तशी सकाळची पहिली गोळी मयताची. चापाला बांधलेली दोरी ओढताना मेलेल्या माणसाचं पूर्ण नाव घ्यायचं, त्याचं, बापाचं आणि आडनाव. एक नाव एकदाच चालतं. मला हसू आलं, पण थेंब सांडत मोठा झालेला माणूस मी, वाद कुठे घालू? वडलांचं नाव घेतलं आणि दोरी ओढली.

पहिल्या दरवाज्यावर वेग उमटला. दुसऱ्यावर काहीच नाही. कागद कोरा. बॅटरी घेऊन अख्खा बोगदा धुंडाळला, भिंतीवर ओरखडासुद्धा नाही. नंतरच्या सगळ्या गोळ्या मात्र झकास बसल्या. झिवोताकाका म्हणाला, गेली ज्याची त्याला, शोधतोस काय वेड्यासारखा. मी म्हटलं, यंत्र गारठलं असेल.

७ नोव्हेंबर

आज पितरांचा शनिवार. अख्खं गाव बोगद्यावरच्या दफनभूमीत, कबरीकबरीवर अंडी, पाव, राकिया. आमचं इथे कुणी पुरलेलं नाही, तरी कोसाराने एक मेणबत्ती लावली. मन मोठं आहे तिचं.

झिवोताकाकाची बायको दिसली. काळ्या कपड्यांतली, ठेंगणी. एका दगडापुढे ती जेवण मांडत होती आणि काका शेजारी उभा राहून एकसारखा बोलत होता. बाईने मान वर करून बघितलंसुद्धा नाही! चांगलंच बिनसलेलं दिसतंय नवराबायकोत. कोसाराला दाखवलं, तर कोण काका, कुठला काका, म्हणत ती दुन्याच्या मागे धावली.

२० नोव्हेंबर

माझे सगळे मयत संपले. आजी, मामा, शाळेतले मास्तर, बुडून मेलेला दोस्त, सगळे देऊन झाले. दुसऱ्या दरवाज्यावर रोज शून्य, कागद रोज कोरा. आता सवय झाली. झिवोताकाका म्हणाला, रडतोस काय, डोक्यावर अख्खी दफनभूमी आहे, येताना एक उचलून आण. तेव्हापासून कामावर जाताना त्या वाटेने जातो आणि एखादा दगड वाचून घेतो. दिवाणखान्यात पाहुण्यांना बसवावं तसे फोटो लावलेत एकेकाचे. एकाच्या हातात तर सिगारेट!

काका स्वतः मात्र विचित्र आहे. रोज त्याच्यासाठी कॉफी नेतो. रोज तशीच निवून जाते.

१ डिसेंबर

रात्रभर बर्फ पडलं. दगड निम्मे गाडले गेलेत. पाय गारठले होते, उशीर झाला होता, फाटकाजवळच्याच दगडावरचं नाव घेतलं. मिलुंका रादोय्को येव्हतिच. नवऱ्याशेजारी हसऱ्या चेहऱ्याची म्हातारी, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल. खालचं सगळं बर्फात होतं.

दोरी ओढली. आज दुसऱ्या दरवाज्यावर वेग उमटला. पण केवढा? निम्म्याहून कमी. गोळी वाटेत कशाततरी शिरून बाहेर पडल्यासारखा. कागदावर भोक आहे. काठाला ओल आहे.

काकाकडे बघितलं. तो हसत होता.

२ डिसेंबर

कारखान्याच्या फाटकावर काळ्या चौकटीचं पत्रक लागलंय. तोच फुलाफुलांचा रुमाल. मिलुंका येव्हतिच. काल सकाळी चुलीपुढे कणीक मळता मळता गेली. छातीला भोक, खिडकीची काच शाबूत, गोळी सापडली नाही. पोलीस चक्रावलेत.

धावत वर गेलो, हाताने बर्फ उकरलं. नवऱ्याच्या नावाखाली दोन सालं. तिच्या नावाखाली एकच, जन्माचं. पुढे घासून गुळगुळीत केलेली मोकळी जागा.

नवऱ्याच्या दगडावर बायको आपलं नाव आधीच कोरून ठेवते, फोटोसुद्धा लावते, फक्त तारखेची जागा सोडते. माझ्या आईने हेच केलं होतं. शेंबड्या पोराला ठाऊक असलेली गोष्ट! आणि मी गाढव, बर्फ झाडायचा कंटाळा केला. त्या बाईने माझं काय वाकडं केलं होतं?

४ डिसेंबर

दगड पुसूनपुसून वाचला, दोन्ही तारखा तपासल्या, मग त्या माणसाचं नाव घेतलं. गोळी पूर्ण वेगात दोन्ही दरवाज्यांतून गेली आणि कागदाच्या मधोमध बसली. कोरडी. काका म्हणाला, मयत नको झालंय बोगद्याला आता. तोंडाला रक्त लागलं.

घरी आलो तर दुन्या अंगणात बसून रडत होती. गारोव मेला. सकाळी, दारातच. छातीला भोक.

५ डिसेंबर

काकाची गचांडी धरली. हात त्याच्या कॉलरवर होते आणि मुठीत नुसता गारठा होता. तो शांतपणे म्हणाला, जिवंत माणूस दे. जाणूनबुजून एक दिलास की आठवडाभर गप्प बसतो, चुकून गेलेली मिलुंका तो धरत नाही. नाही दिलास तर तुझ्या घरातून आपला आपण उचलतो. कुत्र्यापासून सुरुवात केली, उपकार मान.

पळून जातो म्हटलं. तर म्हणाला, जा की. तुझ्या आधीचा पळाला होता. मुलं वाटेत बसमध्ये गेली, मांडीवर. आणि मिलुंका काय बोगद्यात आली होती का रे मरायला?

डायरेक्टरने घरची माणसं का मोजली ते आता कळलं. हरामखोर.

दोरी हातात घेतली. दुन्याचा चेहरा समोर आला. मग पेताकोविच आठवला. त्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव, आडनाव. एकेक अक्षर स्वच्छ उच्चारलं.

वेग निम्म्याहून कमी.

९ डिसेंबर

जुन्या कारखान्यातून दोस्ताचा फोन आला. पेताकोविच गेला, बाजारात, हातात कोबीचा गड्डा. मी हळहळल्याचं नाटक केलं आणि घरी येऊन दोन ताटल्या सूप ओरपलं. कोसारा म्हणाली, आज बरा जेवलास, तिहोमिर. रात्री दुन्याला गोष्ट सांगितली. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.

अशी यादी मोठी करता येईल माझी.

११ डिसेंबर

नाही करता येणार. काका म्हणाला, परका एकदाच चालतो. उद्याचा घरातला लागेल.

मला घे म्हटलं. माझंच नाव घेतो. तर खदाखदा हसला. दोरी ज्याच्या हातात, त्याने घेतलेलं स्वतःचं नाव बोगद्याला ऐकू जात नाही म्हणे. बायको की मुलगी ते ठरवून ये, तिसरं कुणी आहे का तुझ्याकडे?

त्याच्या पायाशी बसलो. अक्षरशः पाय धरले. काका, वाट सांगा. खूप वेळ गंमत बघितल्यावर बोलला. बोगद्याला माणसं दिसत नाहीत, दगड दिसतात. दगडावर तारीख कोरली की ते माणूस त्याच्या लेखी संपलं, त्याला तो हात लावत नाही. माझ्या वेळी मी माझी कोरून घेतली. बघ, उभा आहे ना तुझ्यापुढे धडधाकट?

वर जाऊन बघितलं. त्याच्या बायकोने जेवण मांडलं होतं तोच दगड. झिवोता, फोटो, दोन्ही सालं. सोपं आहे! इतकं सोपं! आणि हा म्हातारा इतके दिवस तोंड शिवून बसला होता.

१२ डिसेंबर

आजारी आहे असं कळवून पहाटेच पाथरवटाकडे गेलो. क्रस्मान नाव त्याचं. कोसारा आणि दुन्या, एकाच दगडावर, आजची तारीख. काही विचारलं नाही त्याने. फोटो लावायचा का, एवढंच. म्हटलं लावा. दुन्याचा शाळेतला दिला, पुढचे दोन दात पडलेला.

छिन्नीचा शेवटचा घाव पडेपर्यंत तिथून हललो नाही. मग दफनभूमीत दगड उभा केला आणि त्याला टेकून ढसाढसा रडलो, सुटकेने. वाचल्या माझ्या पोरी. कोसाराला यातलं अक्षर सांगणार नाही. मारेल मला.

आता घरी जातो. दुन्यासाठी लाल साखरेचा कोंबडा घेतलाय, काडीवरचा.

१२ — संध्याकाळ

दोघी घरी आहेत. बोलतात. हसतात. पण चुलीवर सूप तसंच, सकाळपासून. कोसारा म्हणते भूक नाही. दुन्याने कोंबडा हातात धरून ठेवलाय, चाटला नाही.

म्हणाली, बाबा, शाळेत बाईंनी माझं नावच नाही घेतलं. मी हात वर केला. कुणी बघितलंच नाही.

झोपेल आणि ठीक होईल. दमलीय.

१३ डिसेंबर

आमच्या फाटकावर पत्रक आहे. दोन फोटो —

शेजारणी आल्या. मर्तिकाचा गोड गहू घेऊन, काळे रुमाल बांधून. मला मिठी मारून रडल्या. त्यांच्या मागे कोसारा उभी होती, ओरडत होती, अगं मी इथे आहे, अगं बायांनो, काय चाललंय तुमचं — एकीनेही मान वळवली नाही.

काकाची कॉफी. काकाची बायको. मी बघत होतो ना सगळं! रोज बघत होतो —

कोसाराला सांगितलं. सगळं. मारलं नाही तिने. माझ्या गालावरून हात फिरवला. नुसता गारठा.

१४

दगड फोडायला गेलो होतो. घण घेऊन. गावकऱ्यांनी धरून आणलं. दुःखाने वेडा झालाय बिचारा, म्हणाले. एकाने राकिया पाजली. पहिला थेंब जमिनीवर सांडला — दुन्यासाठी — आणि ती तिथेच उभी होती, तिच्या बुटांवर पडला —

झिवोता फाटकाबाहेर उभा आहे. म्हणतो, ये की बाहेर, आता मी एकटा नाही, कोसारा फार छान बोलते रे —

१५

दुन्या माझ्या शेजारी बसलीय. लिहिताना बघतेय. म्हणाली, बाबा, गारोव आला! खरंच भुंकतोय. मलाही ऐकू येतं. अंगणात आहे. त्याच्याबरोबर एक आजी आहे म्हणे. फुलाफुलांचा रुमाल. हाताला कणीक.

आजी दुन्याला विचारतेय, माझं नाव कुणी घेतलं गं.

म्हटलं, सांगू नकोस. दुन्या, बाळा, माहीत नाही म्हण. ती म्हणाली, पण बाबा, खोटं बोलायचं नाही असं तूच —

दार उघडलं तिने.

दुन्या, इकडे ये —

बोगदा बंद आहे. किल्ली माझ्या खिशात आहे. तरी तिकडून पकड आवळल्याचा आवाज —

दोरी दुसऱ्या कुणाच्यातरी हातात —

आजी म्हणतेय, पूर्ण सांग हो, नीट. दुन्या सांगतेय. हुशार आहे माझी पोर, सगळं पाठ आहे तिला. आधी तिहोमिर. मग आजोबांचं. मग आडना